विमान उतरताना पाय कुठे ठेवावेत

माझ्या नवऱ्याला विमान चालवायचं होतं आणि परवाना मात्र मला मिळाला. असं कसं झालं, हे लोक विचारतात तेव्हा समोरच्याला जे झेपेल ते कारण मी सांगते. कुणाला सांगते, मुलगी परदेशी गेल्यावर वेळ जाईना. कुणाला सांगते, गुडघे कुरकुरायला लागायच्या आत काहीतरी करून घ्यावं म्हटलं. खरं कारण एवढंच, की तो एकदा मला टोमणा मारून गेला आणि मी तो शब्दशः घेतला. पुण्यात टोमणे रोज मारले जातात, पण ते कुणी अमलात आणत नाही, म्हणून शहर सुरळीत चाललंय.

नवऱ्याला मी तोंडावर अहोच म्हणते. लिहिताना मात्र एकेरीवर येते. संसारात एवढी तरी मोकळीक हवी.

त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे. त्यामुळे तो कधी स्कूटर शिकला नाही. लग्न झाल्यापासून तो माझ्या स्कूटरवर मागे बसतो. कात्रजच्या आमच्या घरातून पुण्यात जिथे म्हणून जायचं तिथे मी पुढे आणि तो मागे. आणि मागे बसून तो गाडी चालवतो. "ट्रक आला. डावीकडे घे. ब्रेक. ब्रेक म्हणालो ना. हं, आता जा. जा, जा." सुरुवातीच्या वर्षांत मी उत्तरं देत असे. मग लक्षात आलं, की त्याला उत्तर नकोच असतं, त्याला गाडी चालवायची असते. तेव्हापासून मी गप्प बसून मला हवं ते करते. बहुतेक वेळा तो तेच सांगत असतो, कारण ट्रक आल्यावर माणसाला करण्यासारखं फारसं वेगळं काही नसतं.

एका कारखान्यात जन्मभर ड्रॉइंग तपासून तो निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, मी मायक्रोलाइट शिकणार. मला आश्चर्य वाटलं नाही. लोहगावकडे उतरणारं प्रत्येक विमान हा माणूस गच्चीतून उजव्या डोळ्याने ओळखत आला आहे. घरात विमानांची पुस्तकं इतकी, की पाहुण्यांना वाटतं हा हवाई दलात होता, आणि तो ते खोडून काढत नाही.

मायक्रोलाइट म्हणजे इंजिन लावलेला पतंगच म्हणायचा. वर कापडी पंख, त्याखाली टांगलेली तीन चाकांची गाडी, तिच्यात एकामागे एक दोन खुर्च्या आणि सगळ्यांत मागे पंखा. दार नाही, छप्पर नाही. विमान लहान, तेव्हा त्याचे नियमही लहानच असणार, असं नवऱ्याचं मत होतं. पण त्यालाही वैद्यकीय तपासणी लागते असं कळलं, तेव्हा त्याने जय्यत तयारी केली. आमच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या भिंतीवरचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता त्याने चांगल्या डोळ्याने पाहून पाठ केला. जेवताना म्हणून दाखवायचा. सगळ्यांत खालची बारीक ओळ तो इतक्या सहज म्हणायचा, की मला वाटलं डोळा खरंच सुधारला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि वाचा म्हणाले. नवऱ्याने वरपासून खालपर्यंत न अडखळता वाचलं. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाठांतर उत्तम आहे. पण आमच्या तक्त्यावर आकडे आहेत."

त्या दिवशी परत येताना तो माझ्यामागे बसून एक शब्द बोलला नाही. स्वारगेटपासून कात्रजपर्यंत एकही ट्रक त्याने मला दाखवला नाही. मला गाडी चालवायला सुचेना. मी दोनदा हळू केली, एकदा उगीचच हॉर्न वाजवला, पण मागून काही नाही. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या बडबडीला मी वैतागत होते, तिच्याशिवाय मला रस्ता कापता येत नाही, हे मला तिथे कळलं.

त्याने ज्यांच्याकडे शिकायचं ठरवलं होतं ते विमान शिकवणारे गृहस्थ मूळचे विदर्भातले होते आणि मनाने फार चांगले होते. त्यांचा आपणहून फोन आला. "साहेबांना आणा जी तुम्ही. शिकता नाही आलं तर काय झालं, मी एक चक्कर मारून आणतो ना त्यांना. नुसतं बसाचं आहे." नवरा म्हणाला, "नुसतं बसायला मी काय जत्रेतल्या पाळण्यात चाललोय?" मी चार दिवस समजूत घातली. पाचव्या दिवशी जेवताना तो माझ्यावर उखडला. म्हणाला, "तुलाच एवढी हौस आहे तर तूच शीक. तुला परवाना मिळाला की बसेन तुझ्यामागे. नाहीतरी जन्मभर तेच केलंय."

मी म्हटलं, "बरं."

"काय बरं?"

"बरं म्हणजे बरं."

तो आमटी वाढून घेऊन जेवायला लागला. त्याच्या बाजूने विषय संपला होता. मी त्याच डॉक्टरांकडे गेले. तक्त्यावर आकडे होते, मी वाचले. डॉक्टरांनी विचारलं, या वयात हे कशासाठी? मी म्हटलं, घरगुती कारण आहे.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं सगळं, पण माझ्या दृष्टीने त्यात गंमत नव्हती. त्याने शब्द दिला होता, टोमण्यातून का असेना. मला परवाना मिळाला तर तो आकाशात जाणार होता. नाहीतर गच्चीवर उभा राहून दुसऱ्यांची विमानं ओळखत म्हातारा होणार होता, आणि ते मला बघवलं नसतं.

मी खरंच नाव घातलंय हे कळल्यावर तो दोन दिवस विमानांची पुस्तकं काढून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुला एकटीला जमणार नाही. मी घेतो तयारी करून." तिथून आमच्या दिवाणखान्यात वर्ग सुरू झाला. दिवाणावर मी पुढे बसायची, तो मागे. पडद्याची दांडी काढून त्याने माझ्या हातात दिली होती, कारण त्या विमानाला हातात धरायचं चाक नसतं, अशी आडवी दांडीच असते. मग आमची फेरी सुरू व्हायची. "धावपट्टी मोकळी? वारा बघितलास? ताकद दे. दांडी पुढे, हळू. उठलं. आता डावं वळण. सरळ. खाली पट्टी दिसतेय का? पुन्हा डावं. ताकद कमी. आणखी एक डावं. आता सरळ खाली. दांडी पुढे, थोडी, थोडी. टेकलं." तीच फेरी, तोच क्रम, तेच शब्द. दोघंही बरोबर डावीकडे कलायचो. एकदा दार उघडं राहिलं होतं आणि आम्ही वळणावर असताना कुरिअरवाला आत आला. त्याने पार्सल उंबऱ्यावर ठेवलं आणि सही न घेताच निघून गेला.

लोणी काळभोरच्याही पुढे, सोलापूर रस्ता सोडून उसाच्या शेतांमधून आत गेलं की एक खासगी धावपट्टी लागते. सकाळी वारा पडलेला असतो म्हणून शिकवणी उजाडतानाच. दर शनिवार-रविवारी मी स्कूटरवरून जायची आणि नवरा मागे बसून मला नेऊन सोडायचा, म्हणजे त्याच्या मते. मी विमानात चढले की तो पट्टीच्या कडेला उभा राहून बघायचा.

शिकायला फार जड गेलं असं नाही. त्या विमानाची गंमत अशी, की दांडी उजवीकडे ढकलली की ते डावीकडे वळतं आणि डावीकडे ढकलली की उजवीकडे. मी शाळेत नोकरी करते, तिथे सगळा कारभार असाच चालतो, त्यामुळे हे मला लगेच पटलं. वाऱ्याने मात्र माझी लाज काढली. मी भूगोल शिकवते. नैऋत्य मोसमी वारे फळ्यावर बाण काढून मी कित्येक पिढ्यांना शिकवले आहेत. पण धावपट्टीवर उभं करून शिक्षकांनी विचारलं, वारा कुठून येऊन राहिला सांगा, तेव्हा मी खिशात खडू आहे का ते चाचपलं.

खरी अडचण पायांची निघाली.

पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या बाईचे पाय तुम्ही पाहिले असतील. सिग्नल अजून लांब असतो तेव्हाच ते दोन्ही बाजूंनी खाली येतात आणि रस्त्यापासून वीतभर वर तरंगत राहतात. गाडीला ब्रेक असतात, नाही असं नाही. पण ब्रेक कंपनीने दिलेले असतात आणि पाय आपले असतात. खड्डा येवो, रिक्षा आडवी येवो, कुत्रं येवो, पाय आधीच खाली असलेले बरे. माझी तर तीस-पस्तीस वर्षांची सवय. विमान जमिनीकडे येऊ लागलं, पट्टी पायाखाली पळताना दिसू लागली, की माझे दोन्ही पाय पेडलवरून आपोआप निघायचे आणि बाजूला लोंबकळत रस्ता शोधायला लागायचे.

मागच्या खुर्चीतून शिक्षक ओरडायचे, "मॅडम, पाय काहून काढून राहिल्या?"

"मी नाही काढत. निघतात."

"निघतात म्हणजे? विमान काय पाय घासून थांबवणार काय तुम्ही?"

त्यांचं बरोबर होतं. जमिनीवर आल्यावर त्या विमानाचं पुढचं चाक पायांनीच वळवायचं असतं. पाय सोडले की चाक मन मानेल तिकडे जातं. आणि त्या वेगात पाय जमिनीला लागला तर तो परत जागेवर येईल याची खात्री नाही. शिक्षकांनी मला स्पष्ट सांगितलं, "बाकी सगळं छान करून राहिल्या तुम्ही. पण जोवर पाय काढाल तोवर मी मागची सीट सोडणार नाही." आणि त्यांनी सीट सोडून मला एकटीला उडू दिल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणजे नवऱ्याचं आकाशात जाणं माझ्या दोन पायांवर येऊन अडलं होतं.

धावपट्टीच्या एका टोकाला शेजारच्या शेतातल्या एक मावशी मिरच्या वाळत घालायच्या. इतकी स्वच्छ, सपाट, तापणारी जागा पंचक्रोशीत दुसरी नाही, आणि विमान काय, येतं आणि जातं. एका सकाळी मी पाय काढले, चाक फिरलं आणि आम्ही पट्टीचा मध्य सोडून थेट मिरच्यांत शिरलो. मागच्या पंख्याने सगळ्या मिरच्या हवेत नेल्या. असा खकाणा उठला, की शिक्षक, मी, लांब उभा असलेला नवरा आणि मावशी असे सगळे शिंकतच राहिलो, आणि बराच वेळ कुणाला कुणावर रागावता येईना. मावशींचा श्वास आधी मोकळा झाला. त्या माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "बाई, आमची म्हस बी खाली बसताना पाय आत घेती. तुमचंच का भायेर ऱ्हात्यात?"

मी त्यांच्या मिरच्या गोळा करू लागले. 

उपाय पुष्कळ सुचवले गेले. पाय पेडलला इलॅस्टिकने बांधावेत, असं नवऱ्याने एका कागदावर चित्र काढून दाखवलं. शिक्षकांनी ते हाणून पाडलं, कारण काही झालं तर बाहेर पडायला पाय मोकळे हवेत. शेवटी नवरा म्हणाला, रोग स्कूटरचा आहे, औषधही स्कूटरवरच घ्यायला हवं. गाडी पूर्ण थांबेपर्यंत पाय फूटबोर्डवरून हलवायचे नाहीत. मग त्याने माझ्यामागे बसून ती जबाबदारी घेतली. सिग्नल दिसला की तो ओरडायचा, "पाय!" आणि त्याच्या सूचना न ऐकायची मला इतकी सवय, की तो ओरडला की पाय हमखास खाली. दोन दिवसांत मी त्याला घरी ठेवून एकटीने सराव सुरू केला.

पाय वर ठेवून स्कूटर थांबवणं दिसतं तेवढं सोपं नाही. गाडी थांबते आणि मग पाय खाली टाकायचा एक क्षण असतो, तो मला सापडेना. मी शाळेच्या फाटकाशी पडले. वाण्याच्या दुकानासमोर पडले. कात्रजच्या चौकात तर सिग्नल लागल्यावर मी अतिशय व्यवस्थित थांबले, क्षणभर सरळ बसून राहिले आणि मग सावकाश डाव्या बाजूला आडवी झाले. लोक धावले. एका मुलीने पाणी दिलं. एका गृहस्थांनी स्कूटर उभी करून दिली आणि विचारलं, "चक्कर आली का?"

"नाही. सराव चाललाय."

"कसला?"

मला खोटं बोलायला तेवढा वेळ नव्हता. मी म्हटलं, "विमान उतरवायचा."

गृहस्थांनी माझ्याकडे, मग स्कूटरकडे पाहिलं. "मग विमानतळावर करत जा," एवढं म्हणून ते गेले.

पण हळूहळू जमलं. कोपर खरचटलं, एक आरसा गेला, दोन साड्या गेल्या आणि मी पंजाबी ड्रेसवर आले. पाय मात्र जागेवर राहायला लागले. धावपट्टीवरही राहिले. असे ओळीने बरेच दिवस राहिल्यावर एका सकाळी शिक्षक मागच्या खुर्चीतून उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा बांधून टाकला आणि म्हणाले, "जा आता. मागं कोणी नाही. पाय तुमचे तुम्ही पाहा."

एकटीने आकाशात जाण्याबद्दल लोक फार सुंदर बोलतात. मला वर गेल्यावर करमेना. आकाशात पहिल्यांदाच माझ्यामागची सीट रिकामी होती. इंजिन एवढं गर्जत होतं आणि तरी मला शांत शांत वाटत होतं. शेवटी मी स्वतःच मोठ्याने म्हणायला लागले, आता डावं वळण, सरळ, खाली पट्टी दिसतेय का, पुन्हा डावं. दिवाणावरची सगळी फेरी मी त्याच्याच आवाजात म्हणत पुरी केली आणि उतरले. पाय आत होते. मावशींनी मिरच्यांवर ताडपत्री टाकून ठेवली होती, पण तिची गरज पडली नाही. नवरा जवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. म्हणाला, "तिसरं वळण जरा मोठं झालं."

पुढे परीक्षा झाली, परवाना आला आणि मागे माणूस बसवायची मुभाही मिळाली. मी परवाना त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "चला." तेव्हापासून त्याला कारणं सुचायला लागली. या रविवारी वारा आहे. या रविवारी सर्दी आहे. या रविवारी गॅसवाला येणार. मला वाटलं घाबरला. मी तसं म्हटलं आणि तो दिवाणावर बसला.

"घाबरत नाही," तो म्हणाला. "मागे बसून आलो की ते संपलं. आत्तापर्यंत मला म्हणता येत होतं, की डोळ्याने घात केला, नाहीतर मी चालवलं असतं. एकदा तुझ्यामागे बसून आलो, की मग मी मागे बसणाराच."

मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली, की कुठलं आधी दाखवावं ते कळेना. मी म्हटलं, "शब्द दिला होतात तुम्ही."

"तो टोमणा होता."

"तुमचा टोमणा आहे, तुम्ही मागे घेणार का?" मी विचारलं. मारलेला टोमणा मागे घेण्याइतका तो अजून खचला नव्हता. रविवारी आम्ही गेलो.

मी त्याला मागच्या खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले, हेल्मेट घातलं. हेल्मेटमध्ये माइक असतो आणि त्याची वायर खुर्चीशेजारच्या खाचेत लावली की दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. मी विचारलं, "येतंय का ऐकू?" तो म्हणाला, "येतंय." मी पुढे बसले. त्याने खांद्याचा पट्टा पुन्हा एकदा हिसडून घट्ट करून घेतला, तेवढी हालचाल मला जाणवली. पट्टी मोकळी होती. आम्ही उठलो.

तो काही बोलला नाही. मला वाटलं, पहिल्यांदाच वर आलाय, बघत असेल. खाली उसाचे हिरवे तुकडे होते, त्यांच्यामधून मुळा-मुठा आडवीतिडवी गेली होती, सोलापूर रस्त्यावर ट्रक होते आणि त्यांतला एकही तो मला दाखवत नव्हता. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" उत्तर नाही. "थंडी वाजतेय का?" नाही. "अहो?"

मग मला डॉक्टरांकडून परत येतानाचा तो दिवस आठवला. असाच गप्प माणूस मागे घेऊन मी तेव्हा स्कूटर चालवली होती. मला वाटलं, त्याने सांगितलं होतं ते मी ऐकायला हवं होतं. एवढा खटाटोप करून मी याला आकाशात आणलं आणि तू मागे बसणारा आहेस हे दाखवून दिलं. तो जिवंत होता एवढं कळत होतं, कारण त्याचे गुडघे माझ्या दोन्ही कुशींना लागलेले होते आणि प्रत्येक वळणाच्या जरा आधी डावा गुडघा दाबला जात होता. रडू येत होतं. पण दांडीवरचे हात सोडून डोळे पुसता येत नाहीत, म्हणून मी फेरी पुरी केली. डावं, सरळ, डावं, ताकद कमी, डावं, सरळ खाली. दांडी पुढे, थोडी, थोडी. टेकलं. पाय आत.

इंजिन बंद केलं. मागे वळायची माझी हिंमत होईना. तेवढ्यात मावशी ताडपत्रीपाशी उभ्या राहून आमच्याकडे बघत म्हणाल्या, "मालक लई वरडत हुते वरनं. पाय, पाय. कुनाचं पाय वो?"

मी वळले. नवऱ्याने हेल्मेट काढलं होतं. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, आमच्या लग्नातसुद्धा नाही. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अधू डोळ्यातून जरा जास्तच. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "शब्द न् शब्द ऐकलास. मी डावं म्हणालो की डावं. ताकद कमी म्हणालो की कमी. शेवटी पाय म्हणालो, तर पाय आत. अगं, मी चालवलं."

त्याच्या माइकची वायर खाचेतून निघून त्याच्या मांडीवर पडली होती. पट्टा हिसडला तेव्हाच निघाली असणार. म्हणजे सबंध फेरीभर तो मला सूचना देत होता, मी त्याला हाका मारत होते, आणि हेल्मेटने कान बंद असल्यामुळे दोघांपैकी कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं, कारण मी कधीच देत नाही. मी वायर गुंडाळली आणि खुर्चीच्या खिशात सारली. शिक्षक शेजारी येऊन उभे होते, त्यांनी ती पाहिली. माझ्याकडे एकदा बघितलं, मग नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, मस्त उतरवलं जी."

त्याला मी हे सांगितलेलं नाही. तो हे वाचणारही नाही. तो फक्त विमानांबद्दल वाचतो, आणि हे संसाराबद्दल आहे असं मी त्याला सांगणार आहे.

परत येताना तो स्कूटरवर माझ्यामागे बसला आणि हडपसरपर्यंत एक क्षण गप्प राहिला नाही. ट्रक, टेम्पो, खड्डे, म्हशी, सगळं त्याने मला दाखवलं. मी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते. समोर सिग्नल लाल झाला. मी गाडी हळू केली, थांबवली, आणि आता डावा पाय टेकवणार तोच तो आनंदाच्या भरात मागून ओरडला, "पाय!"

मी पाय वर ठेवले.

आम्ही दोघंही सावकाश डावीकडे कलंडलो, दिवाणावर कलायचो तसेच, आणि रस्त्यावर आडवे झालो. मागचे हॉर्न वाजवायला लागले. लागलं कुणालाच नाही. तो तिथेच पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"अगं," तो म्हणाला, "रस्त्यावर कशाला ऐकायचं माझं?"